न रुचणारे थोर गाणे

कलावंताविषयीचा आदर आणि त्याच्या कलेची आवड या दोन गोष्टी सोबतच नांदतात असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु ज्या कलावंताला सगळ्या समाजाने एकमुखाने थोर ठरवले आहे त्याचीच कला एखाद्या जाणत्या, प्रामाणिक श्रोत्याला मनापासून रुचत नाही असेही वारंवार घडते, आणि अशा वेळी तो श्रोता काय करतो व भोवतालचे लोक त्याच्याशी कसे वागतात यावरून त्या समाजाची संगीताची समज किती मुरलेली आहे हे कळते. बहुतेक श्रोते गप्प राहतात, काही जण इतरांबरोबर मान डोलावतात, आणि जे थोडे बोलतात त्यांच्यावर अज्ञानाचा किंवा उद्धटपणाचा शिक्का बसतो. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या मध्यावर लंडनमधल्या एका भिंतीवर एरिक क्लॅप्टन या गिटारवादकाला थेट देव म्हणणारी अक्षरे कुणीतरी रंगवली, ती जगभर गाजली, आणि ज्यांना त्याचे वादन फारसे भावत नव्हते त्यांची नावड पाखंडासारखी दिसू लागली. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. येथे गायकाला गंधर्व म्हणतात, स्वरभास्कर म्हणतात, संगीतमार्तंड म्हणतात. या पदव्या प्रेमाने दिल्या जातात आणि त्या बहुधा योग्यही असतात, पण एकदा त्या रूढ झाल्या की त्या माणसाचे गाणे ऐकण्याआधीच ऐकणाऱ्याचा निर्णय ठरून जातो.

अभिरुची म्हणजे कलाकृतीतले काय चांगले, काय हिणकस हे ओळखण्याची आणि त्यातून आनंद घेण्याची घडत गेलेली शक्ती. ती जन्मजात नसते. घरात कानावर पडलेले सूर, गावातल्या देवळातले भजन, रेडिओ, शाळा, सोबत ऐकणारी माणसे यांतून ती आकार घेते. लोकांची रुची वेगवेगळी असते हे भारतीय परंपरेने फार पूर्वी मान्य केले आहे. कालिदासाने 'मालविकाग्निमित्र' या नाटकात नाट्यकलेची थोरवी सांगताना हेच गृहीत धरले की माणसांच्या आवडी भिन्न असतात आणि तरीही एक नाटक त्या सर्वांना रिझवू शकते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1790 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली, आणि रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (1974) या ग्रंथामुळे ती मराठी अभ्यासकांच्या परिचयाची झाली: एखादी गोष्ट सुंदर आहे असे म्हणणारा माणूस केवळ स्वतःची पसंती कळवत नसतो, इतरांनीही ती मान्य करावी अशी त्याची अपेक्षा असते, मात्र ती मान्य करायला लावील असा कोणताही पुरावा त्याच्याजवळ नसतो. संगीतावरचे वाद इतके कडवट का होतात याचे उत्तर बरेचसे येथेच आहे. पुरावा देता येत नाही आणि अपेक्षा सोडवत नाही.

हिंगोली जिल्ह्यात या विषयाचा विचार करताना सुरुवात औंढा नागनाथापासून करावी लागते. हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला, पण त्याची सांगीतिक ओळख त्याहून कितीतरी जुनी आहे, कारण संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नर्सी हे गाव येथे आहे आणि नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्याशी निगडित औंढाही येथेच आहे. नागनाथाच्या मंदिराची कथा या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. नामदेव मंदिरापुढे उभे राहून नामसंकीर्तन करत होते, तेथल्या पुजाऱ्यांना ते नकोसे झाले, त्यांनी नामदेवांना तेथून हटवले, नामदेव मंदिराच्या मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि मंदिरच फिरून त्यांच्यासमोर आले. नंदी मंदिराच्या मागे असण्याचे कारणही लोक याच कथेत सांगतात. शीख धर्मग्रंथ गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, आणि त्यांतल्या एका पदात मंदिरातून हाकलले जाण्याचा, स्वतःच्या हीन मानल्या गेलेल्या जातीचा आणि देऊळ फिरल्याचा हाच प्रसंग येतो.

या कथेकडे भक्तीचा चमत्कार म्हणून पाहिले जाते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु संगीताच्या आवडीनिवडीचा विचार करणाऱ्याला तिच्यात एक महत्त्वाचा भेद सापडतो. पुजाऱ्यांना नामदेवांची चाल रुक्ष वाटली, त्यांचा आवाज बेसूर वाटला किंवा त्यांच्या पदातली रचना सैल वाटली, असे कथा कुठेही म्हणत नाही. त्यांचा आक्षेप गाण्यावर नव्हताच. गाणारा शिंपी होता, तो देवाच्या समोर उभा होता, आणि त्यांना ती जागा त्याला द्यायची नव्हती. म्हणजे ही नावड कानाची नव्हती, ती अधिकाराची होती, आणि तिने गाण्याचे निमित्त पुढे केले होते. संगीतातल्या मतभेदांचा इतिहास पाहिला तर हे दोन प्रकार सतत एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि ते वेगळे करणे हे जाणत्या श्रोत्याचे पहिले काम आहे. ऐकून झाल्यावर न आवडणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ऐकण्याआधीच, गाणाऱ्याचे कूळ, जात, भाषा किंवा वाद्य पाहून नाक मुरडणे याला रुची म्हणता येत नाही.

नामदेवांची पदे पुढे किती तऱ्हांनी गायली गेली हे पाहिले म्हणजे रुचिभेदाचे खरे, निर्मळ स्वरूप दिसते. पहिली तऱ्हा वारकऱ्यांच्या फडावरची. फड म्हणजे एका गुरुपरंपरेत एकत्र भजन-कीर्तन करणारा वारकऱ्यांचा समूह. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा या पाचही तालुक्यांतल्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा क्रम असतो. मधोमध विणेकरी उभा असतो, टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, मृदंगावर आठ मात्रांचा भजनी ठेका चालू असतो. एक जण चरण म्हणतो आणि सगळे मिळून ध्रुपद, म्हणजे प्रत्येक चरणानंतर परत येणारी ओळ, उचलतात. लय हळूहळू चढते, टाळकऱ्यांचे पाय एका वेळी पडतात, मृदंगाचा हात भरत जातो आणि एका क्षणी सगळा समूह एकाच आवाजासारखा होतो. येथे चाल सोपी असणे ही उणीव नाही, ती गरज आहे, कारण चाल अशी हवी की शेतातून आलेल्या, कोणताही राग न शिकलेल्या माणसाला ती पहिल्या दोन आवर्तनांत धरता यावी. ऐकणारा आणि गाणारा असा भेद येथे जवळजवळ नसतो.

दुसरी तऱ्हा पंडित भीमसेन जोशी यांची. 4 फेब्रुवारी 1922 रोजी गदग येथे जन्मलेले, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे किराणा घराण्याची तालीम घेतलेले आणि 2008 मध्ये भारतरत्न जाहीर झालेले हे गायक. त्यांनी राम फाटक यांच्या चालीतले नामदेवांचे 'तीर्थ विठ्ठल' गायले आणि नामदेवांचे शब्द ज्या घरांत कधी भजनाला बसणे झाले नाही अशा घरांतही पोहोचवले. ही चाल अहिर भैरव या सकाळच्या रागावर आधारलेली आहे, ज्यात ऋषभ आणि निषाद हे दोन स्वर कोमल असतात, आणि त्यामुळे तिच्यात आर्ततेबरोबर एक गंभीर उजेडही येतो. भीमसेन विठ्ठल या एका शब्दावर थांबतात, तो लांबवतात, त्याच्याभोवती स्वरांची वळणे घेतात, मध्येच ताशीव तान येते आणि ते पुन्हा शब्दावर येऊन स्थिरावतात. लाखो मराठी माणसांना या गाण्याने रडवले आहे आणि ते रडणे खरे आहे.

आता फडावर वाढलेल्या एखाद्या टाळकऱ्याला हे गाणे आवडले नाही, तर त्याला काय म्हणावे? तो म्हणू शकतो की येथे ध्रुपद उचलायला जागाच नाही, एक माणूस गातो आणि बाकीचे गप्प बसतात, तान आली की नाम मागे पडते आणि गळा पुढे येतो. हा आक्षेप गाण्यातल्या घटकांवर बोट ठेवतो, तो ऐकण्यातून आलेला आहे, आणि त्याच्यामागे काही शतकांची समूहगायनाची शिस्त उभी आहे. त्याला अडाणीपणा म्हणणारा मनुष्य स्वतःच काही ऐकायला तयार नसतो. उलट बाजूने, शास्त्रीय संगीतावर कान घडलेल्या श्रोत्याला सप्ताहातले भजन एकसुरी वाटू शकते, टाळांच्या आवाजात शब्द बुडतात असे वाटू शकते, आणि तेही खोटे नाही. दोघांच्या हाती एकच पद आहे, पण एकाला त्यातून सामील व्हायचे असते आणि दुसऱ्याला त्याचे श्रवण करायचे असते. ज्या कामासाठी गाणे घडवले त्या कामाच्या मापाने ते जोखले नाही, तर मोजणाऱ्याची चूक होते. आणि तरीही, काम ओळखल्यानंतरसुद्धा, आवड न जुळण्याची मोकळीक शिल्लक राहतेच.

तिसरी तऱ्हा पंजाबातली आहे आणि हिंगोलीकरांनी तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. गुरू ग्रंथ साहिबाची मांडणी मुख्यतः रागांनुसार असल्यामुळे तेथे नामदेवांच्या पदांनाही राग नेमून दिलेले आहेत, आणि रागी म्हणवले जाणारे गायक ती हार्मोनियम-तबल्याच्या साथीने गुरुद्वारात गातात. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान या गावी नामदेवांचे दीर्घ वास्तव्य झाले असे मानतात, आणि एप्रिल 2015 मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली 88 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. मृदंगाच्या भरगच्च ठेक्याला सरावलेल्या मराठवाड्याच्या कानाला हे शांत, बसून केलेले गायन प्रथम थोडे परके वाटले तर त्यात कुणाचाही अपमान नाही.

मराठी रसिकांत सर्वांत गाजलेला आणि सर्वांत बोधप्रद मतभेद मात्र कुमार गंधर्वांवरून झाला. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेल्या शिवपुत्र कोमकली या मुलाला अगदी लहानपणी कुमार गंधर्व ही पदवी मिळाली, मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्याची तालीम झाली, पुढे क्षयरोगाने गाठले, 1948 मध्ये कोरड्या हवेसाठी माळव्यातल्या देवास येथे बिऱ्हाड हलवावे लागले आणि काही वर्षे गाणे पूर्ण बंद राहिले. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, टिपली, त्यांतल्या धुनांतून नवे राग उकलले, आणि ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा ते गाणे कोणत्याही घराण्यात बसेना. घराणे म्हणजे गुरू-शिष्य परंपरेतून पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली गाण्याची विशिष्ट रीत, जिच्यात आवाजाचा लगाव, लयीशी नाते आणि राग मांडण्याचा क्रम ठरलेला असतो. वामनराव देशपांडे यांनी 1961 च्या 'घरंदाज गायकी' या ग्रंथात या रीतींची जी मीमांसा केली तिने मराठी श्रोत्यांच्या एका पिढीला ऐकायला शिकवले. अशा शिकलेल्या कानांनाच कुमारांचे गाणे सर्वाधिक खटकले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यांचे आक्षेप नेमके होते. विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या मुख्य गायनप्रकारात, एकेका स्वराने राग उलगडत नेण्याला बढत म्हणतात. कुमारांच्या गाण्यात ती सलग बढत मिळत नाही, स्वरवाक्ये तुटक येतात, आवाज एकदम बारीक होतो आणि तसाच एकदम उसळतो, राग फुलायच्या आत गाणे संपते, असे या श्रोत्यांचे म्हणणे होते. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाल्यामुळे ही शैली आली, असा खुलासा पुष्कळांनी केला. तो सहानुभूतीचा असला तरी त्याने गाण्यावर अन्यायच झाला, कारण विचारपूर्वक घडवलेली गोष्ट त्याने दुखण्याच्या खाती टाकली. कुमारांचे चाहते उलट म्हणत की ठरावीक क्रमाने होणारी बढत हीच रागाला बांधून ठेवते, आणि भीमसेनांच्या गाण्यात पुढे काय येणार हे आधी कळते. भीमसेनांचे चाहते म्हणत की ती अपेक्षा निर्माण करून ती शिगोशीग पुरी करण्यातच त्या गाण्याचे सामर्थ्य आहे. दोन्ही गायक कर्नाटकातून आलेले, एकाच पिढीचे आणि दोघांनाही महाराष्ट्राने आपले मानलेले. त्यांच्यावरून घराघरांत तट पडले, आणि या भांडणाइतके फलदायी भांडण मराठी संगीतरसिकांच्या वाट्याला फार थोडे आले आहे. बढत कशाला म्हणायचे, स्वरवाक्य पुरे कधी होते, शब्द कुठे तोडावा, बंदिश ही राग दाखवण्याचे साधन की रागाचेच एक पूर्ण रूप, हे प्रश्न सामान्य श्रोत्याच्या बोलण्यात आले ते या नावडीमुळे आले. कुमारांना नावडणारे लोक नसते तर कुमारांना आवडणाऱ्यांना आपल्या आवडीची कारणे कधी शोधावीच लागली नसती.

नावड घातक होते ती सत्तेच्या जागी बसल्यावर. हार्मोनियमचे स्वर ठरावीक जागी पक्के बसवलेले असतात, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म फरक दाखवता येत नाहीत. हा आक्षेप खरा होता, रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांनाही हे वाद्य नको होते, पण 1940 मध्ये आकाशवाणीने त्यावर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. गोविंदराव टेंबे यांनी प्रतिष्ठा मिळवून दिलेले आणि भजनी मंडळांत घट्ट रुजलेले हे वाद्य तीन दशके रेडिओला अस्पृश्य राहिले, आणि मराठवाड्यातून आलेले अप्पा जळगावकर यांच्यासारख्या वादकांनी त्यातून जे काढले ते मोठमोठ्या मैफलींनी ऐकले, पण ती बंदी उठेपर्यंत रेडिओच्या श्रोत्याला ते ऐकण्याची सोय नव्हती. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी 1952 नंतर हिंदी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. अभिजात संगीतावरचे त्यांचे प्रेम अस्सल होते, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. परंतु श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला आणि शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करावी लागली. या दोन्ही प्रसंगांत मूळ मत चर्चेला योग्य होते. ते मत म्हणून राहिले असते तर संगीताचे भलेच झाले असते. त्याचा हुकूम झाल्यामुळे इतरांच्या ऐकण्यावर गदा आली आणि औंढ्याच्या पुजाऱ्यांशी त्याचे नाते जुळले.

आज हिंगोलीच्या गावांत हा प्रश्न वेगळ्या वेशात उभा आहे. सिनेमाच्या चालींवर बांधलेली भजने, मोठ्या ध्वनिक्षेपकांवरचे कीर्तन, मोबाईलवर गाजणारे तरुण गायक यांविषयी जुन्या टाळकऱ्यांची नाराजी असते. तिच्यातला काही भाग निव्वळ सवयीचा आहे, पण काही भाग ऐकण्यासारखा आहे: सिनेमाची चाल आपल्याबरोबर सिनेमाचे शब्द आणते, ध्वनिक्षेपक एकाच गायकाचा आवाज वाढवतो आणि ध्रुपद उचलणाऱ्या चाळीस गळ्यांना झाकून टाकतो. तरुणांचाही मुद्दा आहे. चाली कधीतरी नव्याच होत्या, आणि ज्या चालीने पोरे भजनाला येऊन बसतात ती सरसकट टाकाऊ ठरवता येत नाही. हे दोन्ही पक्ष समोरासमोर बसून एकाच अभंगाच्या दोन चाली म्हणून पाहत नाहीत, पाठीमागे कुरकुरतात. ही खरी हानी आहे, कारण कुरकुरीतून कोणताच कान घडत नाही.

नावडीबद्दल एक मागणी मात्र ठामपणे करावी लागते. थोर मानलेला गायक न आवडणाऱ्याने त्याला पुरेसे ऐकलेले असावे, एकाच ध्वनिमुद्रणावरून मत ठरवू नये, काय खटकते ते सुरातले, लयीतले किंवा शब्दातले दाखवता यावे, आणि आपल्या न आवडण्यामुळे इतरांचा आनंद खोटा ठरतो असे समजू नये. भारतीय काव्यशास्त्राने रसिकाला सहृदय म्हटले, म्हणजे कलावंताच्या हृदयाशी ज्याचे हृदय जुळू शकते असा; ते प्रत्येक वेळी जुळलेच पाहिजे अशी सक्ती त्या संकल्पनेतून निघत नाही. भीमसेन न आवडता नामदेव आवडू शकतात, कुमार न आवडता माळव्याची गीते आवडू शकतात, आणि दोघेही न आवडता एखादा माणूस संगीताचा उत्तम जाणकार असू शकतो.

आषाढीनंतर नर्सीला परतवारी भरते तेव्हा गावोगावच्या दिंड्या आपापल्या चाली घेऊन येतात. तेथे जाणाऱ्या वाचकाने दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडल्यावर तासभर थांबून दोन-तीन दिंड्यांची भजने पुरती ऐकावीत, घरी आल्यावर तेच अभंग भीमसेनांच्या किंवा रागींच्या आवाजात ऐकावेत, आणि त्यांतले जे रुचणार नाही ते कारणासह शेजाऱ्याला मोकळेपणाने सांगावे.